सेल्फ फिरतोय, गाडी चालू होत नाही: ४०७ च्या इंजिनबदलाच्या नोंदी

गाडी टाटा ४०७, पासिंग एमएच-१०. इंजिन ४९७: चार सिलिंडर, बोअर ९७ मिमी, स्ट्रोक १०० मिमी, २९५६ सीसी. इनलाइन पंप (नोझलना दाबानं डिझेल देणारा), १२ व्होल्ट, बंद करायला ओढायची स्टॉप केबल. काम झालं तासगाव-सावळज रस्त्याकडेच्या आमच्या वस्तीवर, क्रेट ठेवायच्या शेडमध्ये. रोज रात्री वहीत जे लिहिलं तेच इथे आहे. नंतर कळलेल्या गोष्टी त्या-त्या दिवसाच्या नोंदीत मागाहून घुसवलेल्या नाहीत. जे त्या दिवशी खरं वाटलं तेच ठेवलंय, कारण घरच्या घरी इंजिन बदलणाऱ्याला नेमकं तिथंच फसायला होतं.

४ जानेवारी २०२५, शनिवार

जुनं इंजिन डिसेंबरात गेलं. बेअरिंग धरलं, कनेक्टिंग रॉडनं ब्लॉकला भोक पाडलं. ब्लॉकच गेल्यावर बोअर (सिलिंडर), क्रँक (इंजिनाचा मुख्य शाफ्ट) यांचं काम करून उपयोग नाही, म्हणून त्याच मॉडेलचं जुनं इंजिन घ्यायचं ठरलं. भंगारात निघालेल्या ४०७ चं मिळालं, ६२,००० रुपयांना. आणायचं भाडं ३,५००. बिलावर इंजिन नंबर लिहून घेतला आणि ब्लॉकवरचा नंबर स्वतः वाचून ताडला. हे आधी करा. बिलावरचा आणि ब्लॉकवरचा नंबर जुळला नाही तर पुढे आरटीओत काहीच चालत नाही.

घेताना बघितलं ते एवढंच: पहारीनं क्रँक फिरतो का, कुठं अडकतो का, चेंबरमधल्या (इंजिनाच्या तळाच्या टाकीतल्या) ऑइलात पाणी किंवा चुरा आहे का, हेडच्या कडेनं पाणी झिरपल्याच्या खुणा आहेत का. कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब) तपासायला पाहिजे होतं, तपासलं नाही.

इंजिनासोबत पंप, सेल्फ आणि अल्टरनेटर नव्हते. आपल्या जुन्या इंजिनावरचे तिन्ही चांगले आहेत, तेच लावायचे.

५ जानेवारी, रविवार

जुनं बाहेर, नवं आत. आम्ही तिघं: मी, अण्णा आणि दाजी. लोखंडी तिपाई दाजींची, चेनपुली भाड्याची. सकाळी आठला सुरू केलं ते रात्री साडेनऊला इंजिन माउंटिंगवर बसलं. गिअरबॉक्स सुटलाच होता म्हणून क्लच प्लेट आणि रिलीज बेअरिंग नवीन टाकलं, ५,४००. क्लच प्लेट मधोमध बसवायला जुना इनपुट शाफ्ट मिळाला तर वापरा, आमच्या ओळखीच्या गॅरेजवाल्यानं दिला. डोळ्यानं अंदाज घेऊन बसवली तर गिअरबॉक्स शेवटचा एक इंच आत जात नाही आणि मग बोल्ट आवळून ओढायची दुर्बुद्धी होते. त्यानं प्लेट वाकते.

वायरींना चिठ्ठ्या लावल्या नाहीत. मोबाइलवर फोटो काढले, पण उजेड कमी असल्यानं अर्ध्या फोटोत वायरीचे रंगच कळत नाहीत.

६ जानेवारी, सोमवार

पंप बसवला. क्रँकच्या पुलीवरची खूण पॉइंटरसमोर आणली, म्हणजे एक नंबरचा पिस्टन वर. पंपाचा शाफ्ट एक नंबरला डिझेल द्यायच्या जागी फिरवून पंप आत सरकवला, बोल्ट मधोमध ठेवून आवळले. मग पाइप, नोझल, एअर क्लीनरची नळी, रेडिएटर, पाणी, ऑइल. माउंटिंगचे रबर, पाण्याच्या नळ्या, बेल्ट मिळून ४,३००. ऑइल आणि फिल्टर ३,१००.

८ जानेवारी, बुधवार

पहिला सेल्फ मारला. घर्र... घर्र... घर्र. फिरतोय, पण दमल्यासारखा. दहा सेकंद मारायचा, मिनिटभर थांबायचं, असं सात-आठ वेळा केलं. इंजिननं एकदाही ठोका दिला नाही. सायलेन्सरमधून धुराचा ठिपकाही नाही.

अण्णा म्हणाले, "बॅटरी बसलीय, दुसरी काय भानगड न्हाई." महिनाभर गाडी उभी होती, म्हणून मलाही पटलं. तासगावातून नवी बॅटरी आणली, ८,२००. लावली. तसंच घर्र... घर्र.

संध्याकाळी अंधारात आणखी एकदा मारत होतो तेव्हा अण्णांनी पेडलकडं बोट दाखवलं. रबर जळल्याचा वास येत होता. अॅक्सिलरेटर केबलला हात लावला तर चटका बसला. केबल कशी काय तापली, ते रात्री कळलं नाही.

९ जानेवारी, गुरुवार

सकाळी मल्टिमीटर घेऊन बसलो. सेल्फ फिरत असताना बॅटरीच्या दोन टोकांवर १०.६ व्होल्ट. बॅटरी ठणठणीत. मग मीटरचं एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हला आणि दुसरं इंजिनच्या ब्लॉकवर घासून साफ केलेल्या जागी लावून सेल्फ मारला. २.७ व्होल्ट! तिथं जवळजवळ शून्य यायला पाहिजे.

इंजिन रबराच्या माउंटिंगवर बसतं. बॅटरीचा निगेटिव्ह चेसिसला जातो, आणि चेसिसपासून इंजिनपर्यंत करंट न्यायला तांब्याची विणलेली अर्थिंग पट्टी असते. ती आमच्या नट-बोल्टच्या डब्यात तळाला पडलेली होती. पट्टी नाही म्हटल्यावर सेल्फचा सगळा करंट अॅक्सिलरेटरच्या केबलीतून आणि स्टॉप केबलीतून वाट काढत होता. म्हणून केबल तापली.

पट्टीचं एक टोक तुटत आलेलं, म्हणून नवी आणली, ३५० रुपये. दोन्ही जागचा रंग आणि गंज कानसीनं काढून चकचकीत धातूवर आवळली. आता तोच आकडा ०.२ व्होल्ट. सेल्फ असा फिरला की अण्णा बाहेरून ओरडले, "आता कसं!"

तरी चालू झाली नाही. पण ८,२०० ची बॅटरी घ्यायच्या आधी हा पाच मिनिटांचा मीटर लावला असता तर ती घ्यावीच लागली नसती. डिझेल इंजिनला ठिणगी नाही, नुसत्या दाबानं हवा तापते आणि तिच्यात डिझेल पेटतं. हळू फिरलं की दाबातली हवा रिंगांच्या कडेनं सुटते आणि उष्णता भिंतीत जाते. म्हणून "सेल्फ फिरतोय" एवढं सांगून भागत नाही, किती जोरात फिरतोय ते सांगायला पाहिजे.

१० जानेवारी, शुक्रवार

आजपासून द्राक्षाचे क्रेट भाड्याच्या गाडीनं. एका खेपेला २,४००.

सेल्फ जोरात फिरतो, धूर अजिबात नाही. धूर नाही याचा अर्थ सिलिंडरमध्ये डिझेलच जात नाही. नोझलच्या पाइपांचे नट अर्धा फेरा सैल करून सेल्फ मारला तर चारही कोरडे.

पहिली चूक लगेच सापडली. स्टॉप केबल नव्या इंजिनावर वळवून घेताना ताणली गेली होती. आत नॉब पूर्ण दाबलेला, पण पंपावरची लिव्हर निम्मी बंदच्या बाजूला. केबलचा क्लॅम्प एक इंच मागं घेतला. इंजिन बदलल्यावर केबिनमधल्या नॉबवर विश्वास ठेवू नका, खाली वाकून लिव्हर बघा.

मग डिझेलच्या नळ्यांतली एअर काढायला घेतली. फीड पंपावरच्या (टाकीतून डिझेल ओढणाऱ्या छोट्या पंपावरच्या) हातपंपानं डिझेल उचलायचं, आधी पहिल्या फिल्टरचा स्क्रू, मग दुसऱ्या फिल्टरचा, मग इंजेक्शन पंपाचा. फेस येतो तोवर सैल, निव्वळ डिझेल आलं की हातपंप दाबलेलाच ठेवून आवळायचा. मी दोन तास हातपंप मारला. फेस संपला आणि पाच मिनिटांनी परत आला. अंगठ्याला फोड आले.

११ जानेवारी, शनिवार

डिझेल कुठंही गळत नाही, तरी हवा येते. निम्मा दिवस बाहेरून ओलं कुठं दिसतं का तेच शोधत बसलो, आणि तिथंच चुकलो. टाकीपासून फीड पंपापर्यंतची बाजू ओढणारी आहे. तिथं चीर असली तर डिझेल बाहेर येत नाही, हवा आत जाते. बाहेरून सगळं कोरडं आणि स्वच्छ दिसतं.

दुपारी टाकीच बाजूला काढली. स्वच्छ पाच लिटरचा कॅन टपावर बांधला आणि पारदर्शक नळीनं थेट फीड पंपाला जोडला. दहा मिनिटांत फेस बंद झाला. म्हणजे पंप, फिल्टर सगळं बरोबर, दोष टाकी आणि फीड पंप यांच्यामधल्या भागात. चेसिसला टेकलेली रबरी नळी वाकवून बघितली तर आतल्या वळणावर केसाएवढ्या चिरा. इंजिन उतरवताना आम्हीच ती ओढलेली. नवी नळी, क्लिपा आणि बँजो बोल्टचे (नळी जोडायच्या पोकळ बोल्टचे) तांब्याचे वॉशर, ४२०. जुना वॉशर परत वापरायचाच असेल तर लाल होईपर्यंत तापवून पाण्यात टाका, तांबं मऊ होतं. पण नव्या वॉशरची किंमत बघता ही कसरत फक्त दुकान बंद असेल तेव्हाच करावी.

नोझलच्या नटांतून आता डिझेल उसळतं. या वेळी हात लांब ठेवा. नट सैल असताना फार काही होत नाही, पण आवळलेल्या पाइपातून किंवा नोझलमधून सुटलेली धार कातडीतून आत शिरते आणि बोट कापायची वेळ येऊ शकते.

१२ जानेवारी, रविवार

सेल्फ जोरात, डिझेल पोचतंय, सायलेन्सरमधून पांढरा धूर. पांढरा म्हणजे न जळलेलं डिझेल. मध्येच एखादा "ठक" आवाज, मग काही नाही. एकदा एअर क्लीनरच्या नळीतून उलटी वाफ आल्यासारखं झालं. वहीत लिहिलं आणि विसरलो.

आज मी सगळ्यात वाईट गोष्ट केली. थंडीनं पेटत नसेल असं समजून पेट्रोलमध्ये भिजवलेली चिंधी एअर क्लीनरच्या नळीपाशी धरली आणि दाजींना सेल्फ मारायला सांगितलं. मोठा धडाका झाला, इंजिन उलट दिशेला हिसका देऊन थांबलं आणि सेल्फमधून कर्कश आवाज आला. पेट्रोलची वाफ दाबाखाली पिस्टन वर पोचायच्या आधीच पेटते आणि त्याला खाली ढकलते. रिंग तुटू शकते, पिस्टनची कड फुटू शकते, रॉड वाकू शकतो. आमचं सेल्फवरच भागलं. पिनियनचे दोन दात आणि कार्बन ब्रश गेले, २,३००. चिंधी धरलेला हात वाचला हे महत्त्वाचं. कुणी कितीही सांगितलं तरी हे करू नका.

१३ जानेवारी, सोमवार, भोगी

सेल्फ दुरुस्तीला गेलेला, म्हणून ट्रॅक्टरनं ओढून बघितलं. तिसऱ्या गिअरात, वस्तीपासून ओढ्याच्या पुलापर्यंत, अंदाजे तीनशे मीटर. मागं पांढऱ्या धुराचा लोट, इंजिन नुसतं ढकललं जातंय. परत फिरवून पुन्हा एकदा. दाजींनीच ट्रॅक्टर थांबवला आणि खाली उतरले. "आता ओढून फायदा न्हाई. पेटायचं असतं तर एव्हाना पेटलं असतं."

त्यांचं ऐकलं म्हणून बरं झालं. गेजपट्टी काढली तर ऑइल खुणेच्या वर, पातळ, आणि डिझेलचा वास. न जळलेलं डिझेल सिलिंडरच्या भिंतीवरून खाली चेंबरमध्ये उतरलं होतं. हे ऑइल बेअरिंगला सांभाळत नाही. त्यात अशा इंजिनानं अचानक पेट घेतला तर चेंबरमधलं पातळ ऑइलच ओढून ते बेलगाम पळू शकतं आणि स्टॉप केबल ओढूनही थांबत नाही. आठ दिवसांपूर्वीच टाकलेलं सगळं ऑइल काढून टाकलं. घरी भोगीची भाजी आणि तिळाची भाकरी होती, मी नऊ वाजता जेवलो.

१५ ते १८ जानेवारी

संक्रांतीला काम बंद.

बुधवारी ठरवलं, पंपच गेलाय. जुन्या इंजिनावर शेवटच्या दिवसापर्यंत हाच पंप व्यवस्थित चालला होता हे मला माहीत होतं, तरी ठरवलं. पंप आणि चारही नोझल काढून सांगलीला पंप लॅबमध्ये नेले. दोन दिवस लागले. बेंचवर लावून दाखवलं, चारही लाइनला सारखं डिझेल पडतंय. सील बदलून, कॅलिब्रेशन करून ५,२००. नोझलपैकी तीन नंबरचं टिपकत होतं, ते नवीन टाकलं, १,६००. नोझलचे पैसे वाया गेले असं मी म्हणणार नाही, टिपकणारं नोझल पुढे पिस्टनच जाळतं.

पंप आणून परत बसवला. जसा ६ तारखेला बसवला होता अगदी तसाच. सेल्फ मारला, तोच पांढरा धूर.

शनिवारी मात्र एक शहाणपणाचं काम केलं. नोझलच्या जागी लावायचा अॅडॉप्टर आणि गेज मागून आणून कॉम्प्रेशन घेतलं: २६, २५, २६, २४ बार. ६२,००० चं इंजिन बाद आहे की काय ही धास्ती आठ दिवस पोटात होती, ती गेली. हे गेज आधी लावलं असतं तर पेट्रोलची चिंधी हातात घ्यावीशीच वाटली नसती.

रात्री वहीत चार ओळी लिहिल्या. फिरतंय जोरात. दाब आहे. डिझेल पोचतंय. नोझल फवारा देतं. तरी पेटत नाही. पाचवं काय राहिलं? त्या ओळीखाली बराच वेळ पेन धरून बसलो.

१९ जानेवारी, रविवार

एसटीच्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेले एक काका शेजारच्या गावात राहतात. दाजींनी त्यांना गाडीवर बसवून आणलं. आल्यावर त्यांनी पाना हातात घेतला नाही, चहा घेतला आणि सेल्फ मारायला सांगितलं. स्वतः सायलेन्सरपाशी उभे राहिले. मग एअर क्लीनरची नळी काढायला लावली आणि परत सेल्फ. नळीच्या तोंडाशी हात धरला, तळवा नाकाशी नेला. डिझेलचा वास.

"पंप कुणी बसवला?"

"मीच, काका."

"एक नंबर दाबावर हाय हे कशावरनं ठरवलंस?"

"पुलीची खूण पॉइंटरला आणली."

"ती खूण किती वेळा येती?"

मी गप्प. त्यांनी रॉकरचं (व्हॉल्व्ह दाबणाऱ्या दांड्यांचं) झाकण काढायला सांगितलं. पहारीनं क्रँक फिरवत खूण पॉइंटरसमोर आणली आणि एक नंबरचे दोन्ही रॉकर बोटांनी हलवून बघ म्हणाले. एकही हलेना. दोन्ही व्हॉल्व्ह किंचित दाबलेले, एक मिटत आलेला, एक उघडायला लागलेला. चार नंबरचे मात्र दोन्ही रॉकर सैल, टॅपेटचा गॅप (रॉकर आणि व्हॉल्व्हमधली फट) हाताला लागत होता.

म्हणजे खूण जुळलेली असताना दाबावर चार नंबर होता. एक नंबर धूर बाहेर टाकून नवी हवा घ्यायच्या बेतात होता. मग काकांनी पंपावरचा एक नंबरचा पाइप सोडायला लावला आणि खूण थोडी मागं घेऊन क्रँक सावकाश पुढं फिरवला. खुणेच्या जरा अलीकडे एक नंबरच्या तोंडातून डिझेल फुगून वर आलं. तिकडं रॉकर सांगताहेत की एक नंबरचे व्हॉल्व्ह उघडे आहेत.

चार स्ट्रोकच्या इंजिनात एका चक्रात क्रँकचे दोन फेरे होतात. पुलीची खूण प्रत्येक फेऱ्याला येते, दाबाच्या वेळी एकदा आणि धूर टाकायच्या वेळी एकदा. पंप मात्र चक्राला एकच फेरा फिरतो. मी खूण बघितली, व्हॉल्व्ह बघितले नाहीत, आणि निम्म्या शक्यतेत चुकीच्या बाजूला पडलो. डिझेल उघड्या व्हॉल्व्हवर पडत होतं. काही सायलेन्सरमधून पांढरं बाहेर, काही उलटं एअर क्लीनरच्या नळीत, काही भिंतीवरून चेंबरमध्ये. बारा तारखेला नळीतून आलेली उलटी वाफ हीच होती. लॅबमध्ये दहा वेळा पंप नेला असता तरी तो चांगलाच निघाला असता.

काकांनी जाताना आणखी एक सांगितलं. फायरिंग ऑर्डर १-३-४-२ असल्यानं अशी अर्ध्या चक्राची चूक असेल तर एक आणि चारचे, दोन आणि तीनचे पाइप आपसांत बदलले तरी हिशोब जुळतो. पण हे पोलादी पाइप आपापल्या जागेसाठी वाकवलेले आणि सारख्या लांबीचे असतात. ओढूनताणून बसवले तर चिरतात. चूक पंपात केलीय तर पंपातच दुरुस्त करायची.

२० जानेवारी, सोमवार

सकाळी सातला सुरुवात, काका साडेनऊला आले.

पंप बाहेर काढला. पहारीनं क्रँक पूर्ण एक फेरा फिरवला. खूण परत पॉइंटरसमोर, पण आता एक नंबरचे रॉकर सैल आणि चार नंबरचे अडकलेले. हे मी तीन वेळा तपासलं. पंपाचा शाफ्ट एक नंबरच्या जागी ठेवून आत सरकवला.

मग थेंब मोजून टायमिंग. पंपावरच्या एक नंबरच्या तोंडातला डिलिव्हरी व्हॉल्व्ह आणि स्प्रिंग काढून स्वच्छ डिझेलच्या वाटीत ठेवले. धुळीचा कण चालत नाही, म्हणून शेडमधलं झाडणं, कानस मारणं सगळं बंद. होल्डर परत लावून त्यावर हंसाच्या मानेसारखी वाकवलेली नळी बसवली. स्टॉप लिव्हर पूर्ण सुरूच्या बाजूला, अॅक्सिलरेटरची लिव्हर पूर्ण दाबून तारेनं बांधलेली. कॅनमधून डिझेल सोडलं की नळीतून धार पडते. क्रँक चालायच्या दिशेनं, पहारीनं, इंच-इंच. धार बारीक होत जाते, मग तुटते, मग थेंब थेंब. थेंबांमधलं अंतर वाढलं तिथं थांबायचं. पंपाच्या आतलं भोक तिथं मिटतं, डिझेल ढकललं जायला तिथून सुरुवात होते. आता पुलीवरचे अंश वाचायचे.

जागा हुकून पुढं गेलं तर तिथूनच मागं घेऊन वाचू नका. गिअरच्या दातांत सैलपणा असतो. पाव फेरा मागं जाऊन परत पुढं या. आणि अंश आपल्या इंजिनच्या मॅन्युअलमधलेच घ्या. ४९७ चे प्रकार अनेक आहेत, म्हणून माझा आकडा इथं देत नाही. आमचं तीन अंश उशिरा येत होतं. बोल्ट सैल करून पंपाचं अंग शाफ्टच्या फिरण्याच्या उलट दिशेला किंचित झुकवलं की टायमिंग लवकर होतं. चौथ्या खेपेला जुळलं. पंपावर आणि हाउसिंगवर एकाच छिन्नीनं आडवी खूण करून ठेवली, पुढच्या वेळी शोधाशोध नको.

डिलिव्हरी व्हॉल्व्ह नव्या वॉशरसकट परत. नवं ऑइल, नवा फिल्टर, पुन्हा ३,१००. एअर काढली, आता दहा मिनिटांत निघाली.

चालू करायच्या आधी काकांनी दाजींना जाड फळी आणि भिजवलेलं पोतं घेऊन एअर क्लीनरच्या नळीपाशी उभं केलं. बेलगाम पळालं तर हवा तोडायची. मी स्टॉप लिव्हर हातानं तीन वेळा हलवून बघितली. पावणेपाच वाजले होते.

पहिला सेल्फ, पाच सेकंद, धूर. दुसऱ्याला एक सिलिंडर पकडलं, गाडी हलली, सुटलं. तिसऱ्याला तीन ठोके, चार, आणि मग चालूच राहिलं. ऑइलचा लाल दिवा दोन-तीन सेकंदांत गेला. सायलेन्सरमध्ये साठलेलं डिझेल जळत होतं, शेड पांढऱ्या धुरानं भरली, आई पदर नाकाला लावून आली. पाच-सहा मिनिटांत धूर विरला आणि सायलेन्सरच्या तोंडाशी नुसती थरथरणारी गरम हवा राहिली. अण्णांनी बॉनेटवर हात ठेवला आणि तसेच उभे राहिले. काकांना पैसे विचारले तर घेतले नाहीत. द्राक्षाची पेटी दिली, ती त्यांनी घेतली.

२२ जानेवारी, बुधवार

दोन नंबरच्या पाइपचा नट ओला. पुन्हा पुन्हा आवळून थांबला नाही, उलट जास्त आवळल्यानं पाइपचं टोक दबलं. पाइप बदलला. रॉकरचं झाकण उघडलंच होतं म्हणून टॅपेटही सेट केले. गॅप मॅन्युअलमध्ये दिला आहे आणि तो थंड इंजिनाचा की गरम इंजिनाचा तेही. ते वाचूनच करा.

२५ जानेवारी, शनिवार

पहिली भरलेली खेप, दोन टनांच्या आसपास क्रेट, तासगाव ते सांगली. कवलापूरपर्यंत मी सारखा काट्याकडं बघत होतो. तापमान अर्ध्याच्या खाली. माधवनगरला थांबून खाली वाकून बघितलं, कुठं काही गळत नाही. सकाळी थंडीत आता पहिल्या-दुसऱ्या सेल्फलाच चालू होते.

१ फेब्रुवारी, शनिवार

हिशोब. यातला चुकांमुळे गेलेला पैसा वेगळा काढला: नको असताना घेतलेली बॅटरी ८,२००, फेकलेलं ऑइल ३,१००, सेल्फ २,३००, चांगल्या पंपाची लॅब ५,२००. एकूण १८,८००. त्याशिवाय भाड्याच्या गाडीच्या सात खेपा, १६,८००. दिवस धरले तर ८ तारखेला चालू व्हायची गाडी २० ला झाली, बारा दिवस. खऱ्या दोषांना लागलेलं साहित्य म्हणजे अर्थिंगची पट्टी ३५० आणि नळी-वॉशर ४२०. पंपाच्या चुकीला तर एक पैसाही लागला नाही, रॉकरचं झाकण उघडायला चार नट होते.

हे काम परत करायचं झालं तर पंपाला हात लावायच्या आधी मी रॉकरचं झाकण काढीन. आणि चालू होत नसेल तर काहीही सोडायच्या आधी सायलेन्सरपाशी जाऊन उभा राहीन. धूर नाही, तर डिझेलचा रस्ता शोधायचा. पांढरा धूर आहे, तर सेल्फचा वेग, दाब आणि टायमिंग. आमच्या गाडीत दोष एकामागं एक लपलेले होते. अर्थिंग नीट झाल्याशिवाय हवा दिसली नाही, हवा गेल्याशिवाय टायमिंग दिसलं नाही. प्रत्येक दुरुस्तीनंतर गाडी चालू झाली नाही, तरी प्रत्येक वेळी काहीतरी बदललं होतं, आणि तो बदल मी नीट वाचला नाही.

राहिलेलं काम: आरसीवर नवा इंजिन नंबर चढवायचा आहे आणि विमा कंपनीला कळवायचं आहे. बिल, अर्ज तयार. सोमवारी, १० तारखेला गाडी दाखवायला सांगलीला आरटीओत न्यायची आहे. ब्लॉकवरचा नंबर ग्रीसनं झाकला होता, तो डिझेलनं पुसून वर खडू घासून ठेवलाय, वाचता येतो. जुना फुटका ब्लॉक कागद होईपर्यंत भंगारात देणार नाही, शेडमागं ताडपत्रीखाली आहे.